कर्नलच्या मेकफाइलमधला जुना फ्लॅग काढताना

दिवाळीत कळवणला घरी होतो. कांदाचाळ रिकामी झाली होती, म्हणून एक जुना टेकू काढायला गेलो. वडील म्हणाले, "काढ की. पण तो कशासाठी लावला होता, ते आधी सांग." मला सांगता आलं नाही. टेकू राहिला.

लिनक्स कर्नलच्या मेकफाइलमध्ये असेच टेकू असतात. कंपायलर फ्लॅग म्हणजे कंपायलरला दिलेली सूचना: सी भाषेची कुठली आवृत्ती धरायची, कुठले इशारे द्यायचे, कुठलं ऑप्टिमायझेशन टाळायचं. त्यातल्या काही सूचना कंपायलरच्या जुन्या दोषांसाठी असतात. कंपायलर सुधारतो, सूचना मात्र तशीच राहते.

उदाहरण बघू. २०२२ पर्यंत कर्नल 'जीएनयू८९' या फ्लॅगने, म्हणजे १९८९ च्या सी मानकाने, बांधला जात होता. त्या मानकात फॉर लूपच्या कंसात व्हेरिएबल जाहीर करता येत नाही, ते लूपच्या बाहेरच करावं लागतं. त्यामुळे लिंक्ड लिस्टवरचा लूप संपला तरी पॉइंटर हातात उरतो, आणि तो खऱ्या घटकाकडे बोट दाखवत असेलच असं नाही. याकोब कोशेल या पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याने २०२२ च्या सुरुवातीला असा वापर दुरुस्त करणारे पॅच पाठवले. त्यावर चर्चा झाली आणि लिनस टोरवाल्ड्स मुळाशी गेले: मानकच का बदलू नये? २०२१ मध्ये किमान जीसीसी ५.१ लागेल असं ठरलेलं होतं, त्यामुळे जुन्या जीसीसीची अडचण संपली होती. आर्न्ड बर्गमन यांनी पॅच केला आणि ५.१८ आवृत्तीत 'जीएनयू११' आला.

गंमत बघा, हा एक फ्लॅग बदलल्यावर ऋण संख्येच्या शिफ्टबद्दल नवे इशारे यायला लागले. ते गप्प करायला आणखी एक फ्लॅग घालावा लागला!

आता उलटं उदाहरण. 'नो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स' हा फ्लॅग २००९ चा. जुना आहे, मग काढू या? थांबा. तेव्हा टन ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल आहे का हे नंतर तपासलं होतं. जीसीसीने तर्क केला: वापरला म्हणजे नल नसणार, मग तपासणी कशाला? तपासणीच उडाली आणि सुरक्षेला भगदाड पडलं. इथे कंपायलर नियमाने बरोबरच होता. म्हणजे हा फ्लॅग कंपायलरच्या दोषासाठी नाहीच, आपल्या चुकांपासून वाचवण्यासाठी आहे. कंपायलर कितीही नवा आला तरी त्याचं कारण संपत नाही.

म्हणून फ्लॅगचं वय विचारू नका, कारण विचारा. क्रम असा ठेवा:

१. गिट ब्लेमने ती ओळ कधी आणि का आली ते शोधा. कमिट संदेश पूर्ण वाचा.
२. ते कारण आजच्या किमान कंपायलरलाही लागू आहे का, ते तपासा.
३. फ्लॅगसह आणि फ्लॅगशिवाय कर्नल बांधा, ऑब्जेक्ट फाइल्सची तुलना करा. फरक नसला तरी ते उत्तर फक्त त्याच कंपायलर, कॉन्फिग आणि आर्किटेक्चरपुरतं आहे.
४. पॅचच्या संदेशात हे सगळं लिहा.

पॅच एका ओळीचा असतो. संशोधन असतं ते त्या संदेशात. तुमच्या विषयातही असे टेकू असतील. हात लावण्याआधी ते कुणी, कशासाठी लावले ते शोधा.