🛢️ *सिंथेटिक ऑइल टाकलंय? तरी तारीख विसरू नका*

आंब्याचा हंगाम संपला की बरेच जण म्हणतात, "पिकअपमध्ये महागाचं सिंथेटिक ऑइल आहे, गाडी ४,००० किमीच चालली. मग आताच कशाला बदलायचं?"

गाडीची पुस्तिका उघडा. त्यात दोन आकडे असतात. उदा. १०,००० किमी किंवा १ वर्ष. यातलं जे आधी भरेल ते धरायचं. ४,००० किमी झाले असले तरी वर्ष भरलं की ऑइल बदला.

कारण काय? वाशीच्या फेरीत इंजिन नीट तापतं आणि ऑइलमधलं पाणी वाफ होऊन निघून जातं. बाग ते घर, घर ते मालवण बाजार अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, पाणी ऑइलमध्येच साठत जातं. सिंथेटिक असलं तरी हे टळत नाही.

✅ *पॉवर टिलर:* इथे किमी नाही, तास मोजा. रोजचे तास कालनिर्णयवर लिहा. भातलावणीनंतर टिलर बरेच महिने उभा राहणार असेल, तर आधी ऑइल बदला. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल आतले भाग खातं.

✅ *डिपस्टिक बघा:* ऑइल दुधाळ दिसलं किंवा पातळी आपोआप वाढली, तर इंजिन चालू न करता मेकॅनिकला दाखवा. डिझेल इंजिनात ऑइल लवकर काळं पडतं, नुसत्या रंगावर जाऊ नका.

❌ काढलेलं ऑइल विहिरीजवळ किंवा व्हाळात ओतू नका. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

आजच बघा, शेवटचं ऑइल कधी बदललंत?

– आपला कृषी सल्लागार