मॉरिस वस्त्रालंकरण

मॉरिस वस्त्रालंकरण : इंग्रज कवी, अभिकल्पक व समाजवादी विचारवंत विल्यम मॉरिस (२४ मार्च १८३४ – ३ ऑक्टोबर १८९६) याने ऐतिहासिक शोभनकलेच्या अभ्यासातून निर्माण केलेली गृहशोभनाची वस्त्रे व त्यांची शैली. पडदे, आसनांची आच्छादने, गालिचे, चित्रजवनिका आणि भिंतींना चिकटवावयाचे अलंकृत कागद यांचा तीत समावेश होतो.

यंत्रोत्पादित वस्तूंच्या कलाहीनतेविरुद्धची प्रतिक्रिया म्हणून ही शैली उदयास आली. मॉरिसने १८६१ मध्ये मित्रांच्या भागीदारीत गृहशोभनाची संस्था काढली. १८७५ मध्ये ती एकट्याच्या मालकीची होऊन ‘मॉरिस अँड कंपनी’ या नावाने प्रसिद्धी पावली. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील मध्ययुगीन, इटालियन व इराणी वस्त्रांचा त्याने बारकाईने अभ्यास केला. तथापि त्याने जुन्या नमुन्यांची नक्कल केली नाही. त्यांतील पुनरावृत्तीची रचना व वळणदार देठांची लय घेऊन तिच्यात त्याने इंग्लंडमधील परिचित फुले, पाने व पक्षी गुंफले.

कृत्रिम रंग लवकर विटत, म्हणून त्याने टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याच्या साहाय्याने नीळ, मंजिष्ठ इ. वनस्पतिज रंगांवर प्रयोग केले. वॉर्डल भारतीय टसर रेशमाच्या रंगाईसाठी प्रसिद्ध होता. मॉरिसचे काही आकृतिबंध टसरवरही छापले गेले. १८८१ मध्ये वँडल नदीकाठी मर्टन ॲबी येथे कारखाना सुरू झाला. तेथे कापड प्रथम संपूर्ण निळीत बुडवीत. नंतर ठशांनी विरंजक द्रव्य लावून नक्षीपुरता निळा रंग काढीत आणि त्या जागी तांबडा व पिवळा रंग भरीत. ‘स्ट्रॉबेरी थीफ’ (१८८३) हा स्ट्रॉबेरी चोरणाऱ्या पक्ष्यांचा आकृतिबंध याच पद्धतीचा होय. त्याच्या छपाईस अनेक दिवस लागत.

या श्रमांमुळे वस्त्रे महाग पडत. कला सर्वांसाठी असावी, असे मानणाऱ्या मॉरिसचे ग्राहक त्यामुळे प्रायः धनिकच राहिले. ही विसंगती त्यालाही जाचत असे. कंपनी १९४० मध्ये बंद पडली. पुढे हेच आकृतिबंध यंत्रावर छापले जाऊन उशांचे अभ्रे, चहाची भांडी यांसारख्या स्वस्त वस्तूंवर आले. ते सामान्यांच्या घरी पोहोचले. मात्र कारागिराला निर्मितीचा आनंद मिळावा, हा मॉरिसचा मूळ आग्रह त्यात मागे पडला.