रियुनियनची भट्टी आणि आपला सह्याद्री

हिंदी महासागराच्या नकाशावर मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ७०० किलोमीटरवर एक ठिपका दिसेल. ते रियुनियन बेट. क्षेत्रफळ अवघे २,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहूनही लहान. राज्य फ्रान्सचे. पण विद्यार्थी मित्रहो, या परक्या बेटाचे आपल्या सह्याद्रीशी सख्ख्या भावंडाचे नाते आहे असे सांगितले, तर तुम्हांला खरे वाटेल का?

प्रथम बेटाची ओळख करून घेऊ. तेथे समुद्र सुमारे ४,००० मीटर खोल आहे आणि बेटावरचे सर्वोच्च शिखर ‘पितों द नेज’ सुमारे ३,०७० मीटर उंच आहे. बेरीज करा. समुद्रतळापासून सात हजार मीटर उंचीचा हा ज्वालामुखी पर्वत आहे. पाण्यावर दिसतो तो केवळ त्याचा शेंडा! पितों द नेज आता शांत आहे. शेजारचा ‘पितों द ला फुर्नेझ’ मात्र जगातील अतिशय जागृत ज्वालामुखींपैकी एक आहे. फुर्नेझ म्हणजे भट्टी. एप्रिल २००७ मधील उद्रेकात पोटातील शिलारस निघून गेल्याने त्याच्या विवराचा तळ सुमारे ३०० मीटर खाली कोसळला.

ही भट्टी पेटते कशी? १९७१ साली जेसन मॉर्गन यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार प्रावरणातून तप्त खडकाचा स्तंभ सावकाश वर येत असतो. हा खडक घनरूपच असतो. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. तसाच खोलवरच्या प्रचंड दाबाखाली खडकाचा विलयबिंदू वाढलेला असतो. स्तंभ वर आला की दाब घटतो, विलयबिंदू उतरतो आणि खडकाचा काही भाग वितळतो.

आता पेटत्या मेणबत्तीवरून एक पुठ्ठा हळूहळू सरकत आहे, अशी कल्पना करा. पुठ्ठ्यावर डागांची रांग उमटेल. मेणबत्ती म्हणजे ही भट्टी आणि पुठ्ठा म्हणजे भूपट्ट. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत असता सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी याच भट्टीच्या लाव्हाने दख्खनचे थर रचले, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. १९८७ साली समुद्रतळाला वेध घेऊन काढलेल्या बसाल्टचे वय मालदीवजवळ ५ कोटी ७० लाख, तर चागोसजवळ ४ कोटी ९० लाख वर्षे भरले. मालदीव आज प्रवाळांचा सखल प्रदेश दिसतो, कारण थंड होणारा भूपट्ट आकुंचन पावून खचला, ज्वालामुखी बुडाले आणि त्यांच्या माथ्यावर प्रवाळांचे थर चढत गेले. पुढे दोन भूपट्टांमधील सीमा भट्टीवरून सरकली. तेव्हापासूनचे डाग आफ्रिकेकडील पट्टावर आहेत. मॉरिशस आणि रियुनियन हे त्यांतले अलीकडचे होत.

आता थोडे गणित. भट्टी जागची हलली नाही, असे धरू. रियुनियन २१ अंश दक्षिणेस, मुंबई १९ अंश उत्तरेस. फरक ४० अंश. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. म्हणून ४,४४० किलोमीटर. त्यास ६ कोटी ६० लाखांनी भागले, की वर्षाला सुमारे पावणेसात सेंटीमीटर येतात. आपली नखे वाढतात त्याच्या जेमतेम दुप्पट!

पण ही झाली सरासरी. मालदीवचा वेध ५ अंश उत्तरेस घेतला होता. मुंबईपासून तेथपर्यंत १४ अंश आणि वयांतील फरक ९० लाख वर्षे. उत्तर येते वर्षाला सुमारे १७ सेंटीमीटर! म्हणजे आरंभी भारत फारच वेगाने धावत होता. आज तो वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर सरकतो. वेग का मंदावला? वाटेत आशिया आडवा आला. त्या टकरीतून हिमालय उभा राहिला.

चागोसचा वेध ४ अंश दक्षिणेस होता. मालदीव ते चागोस या टप्प्यातील वेग तुम्हीच काढा. तो १७ हून कमी भरला, तर भारताला लागलेला लगाम तुमच्या वहीतच दिसेल.