शिराजच्या तोडणीचा दिवस

पहाटे 4.00
बालाघाटाच्या माथ्यावर फेब्रुवारीतली पहाट अजून गार असते. दुपारी तोडलेली द्राक्षं क्रेटमध्येच तापतात, मणी फुटतात, वाटेतच आंबायला लागतात. म्हणून डोक्याला बॅटऱ्या बांधून मावश्या अंधारातच ओळींत शिरतात.

“दादा, मणी लई बारीक राहिलेत की! जीए दिलं न्हाई का?”

“नाही मावशी, मुद्दामच.”

खायच्या द्राक्षांचे मणी आपण जीए (जिबरेलिक ॲसिड) देऊन फुगवतो. इथे उलट. शिराज हे वाइनचं द्राक्ष, गर पांढराच. वाइनचा रंग सालीतून येतो, तुरटपणाही बराचसा तिथलाच. मणी बारीक, तर रसाच्या मानाने साल जास्त.

सकाळी 6.30
उजाडलं. ओळी दक्षिणोत्तर आहेत. मणी धरल्यावर घडांसमोरची फक्त पूर्वेकडची पानं काढली होती. कोवळं ऊन आणि वारा आत खेळला, भुरी आटोक्यात राहिली. पश्चिमेच्या पानांनी दुपारचं ऊन अडवलं.

सकाळी 8.30
गाडी निघाली. क्रेट अर्धेच भरलेत. तळाचे मणी चेंगरायला नकोत.

सकाळी 10.00
खालचा तुकडा अजून वेलीवर आहे. वेगवेगळ्या वेलींचे शंभर मणी गोळा केले. रिफ्रॅक्टोमीटर 23 ब्रिक्स दाखवतोय, साखर भरली. पण बी चावली तर हिरवट, कडू. पिकलेली बी तपकिरी होते, दाताखाली कुरकुरीत लागते. पूर्वी नुसत्या साखरेवर तोडणी धरायचो. आता बीला विचारतो. चार दिवस थांबायचं.

दुपारी 4.00
ठिबक तपासलं. मण्यांत पाणी उतरायला लागल्यापासून पाणी निम्म्यावर आणलंय. पहिल्या वर्षी माझीच चूक झाली: सगळे घड ठेवले, पाणी भरपूर दिलं. वजन मिळालं, वाइन फिकी झाली. आता काडीला एकच घड. रंग भरताना मागे राहिलेले घडही काढतो. कात्री लावताना जीव तुटतो, तरी लावतो.

रात्री 8.00
वायनरीतून फोन. माल गारच पोचला. टेबलावर निवडला, देठ काढले, टाकीत भरला. दोन दिवस थंडच ठेवून सालीचा रंग उतरू देणार, मग आंबवण. वर येणारा सालींचा थर दिवसातून दोनदा हलक्या हाताने खाली दाबायचा. शेवटी साली जोर लावून पिळल्यावर निघणारी वाइन वेगळी ठेवायची, कारण तिच्यात कडवटपणा जास्त.

रात्री 9.30
बोटांचा जांभळा रंग साबणाने गेला नाही. त्याच हाताने वहीत लिहिलं: खालचा तुकडा, चार दिवसांनी पुन्हा बी चावून बघणे.