नायकाची छाया कोणावर पडते?

हेरमान हेसे या जर्मन लेखकाची 'डेमियान' ही कादंबरी १९१९ साली 'एमिल सिंक्लेर' या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. सिंक्लेर हे तिच्या नायकाचेच नाव. १९१६ साली वडील वारल्यावर हेसे मनाने खचला होता. युंगचा शिष्य डॉ. लांग याच्याकडे त्याने मनोविश्लेषणाचे उपचार घेतले. त्यामुळे या नायकाचा अर्थ युंगच्या परिभाषेत लावण्याची समीक्षेत प्रथाच पडली.

युंगच्या मते व्यक्तीच्या नेणिवेखाली मानवजातीची सामूहिक नेणीव असते आणि तिच्यातले आदिबंध पुराकथांतून, स्वप्नांतून प्रकट होतात. स्वतःचे जे रूप आपल्याला नकोसे असते, ती आपली 'छाया'. ती स्वीकारल्याशिवाय माणूस पूर्ण होत नाही. या दृष्टीने सिंक्लेरला धमकावून पैसे उकळणारा फ्रान्झ क्रोमर ही त्याची छाया, वाट दाखवणारा मित्र डेमियान हा त्याचा 'स्व' आणि डेमियानची आई एव्हा ही आदिमाता.

बायबलात भावाला मारणाऱ्या काइनवर देव खूण करतो. डेमियान ही कथा उलटी वाचतो. ती खूण पापाची नव्हतीच; काइनच्या तेजाला भ्यालेल्यांनी ही कथा रचली, असे तो म्हणतो. डाग लावणाराच कथा सांगत असतो, हे त्याने अचूक हेरले.

पण हीच कसोटी कादंबरीला लावली तर? क्रोमर दारुड्या शिंप्याचा मुलगा, साध्या शाळेत जाणारा. सिंक्लेर लॅटिन शाळेतला. सिंक्लेरच्या लेखी 'अंधारी दुनिया' म्हणजे मोलकरणी, कामगार, खाटीकखाना, तुरुंग. नायकाच्या मनातल्या काळोखाला गरिबाचा चेहरा दिला जातो. क्रोमरला मात्र स्वतःचे मन नाही, स्वप्न नाही. शेवटी डेमियान त्याचे नाव घेतो, तेही संकटाचे दुसरे नाव म्हणून.

छायेचा हा व्यवहार आपल्याला नवा नाही. पेशवाईत अस्पृश्याच्या सावलीने विटाळ होतो म्हणून, हिंदू समोरून येत असता त्याला रस्ता वापरण्याची बंदी होती. बाबासाहेबांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये (१९३६) ते नोंदवले आहे. आपल्यातले नकोसे दुसऱ्यावर लादणे, याला युंगनेच 'प्रक्षेपण' म्हटले. म्हणून हे शास्त्र टाकून देण्याचे कारण नाही. ते नायकापाशी थांबवू नये, एवढेच. सिंक्लेर पूर्ण झाला का, हे विचारताना क्रोमरचे काय झाले, हेही विचारले पाहिजे.