मैदान सार्वजनिक, खेळ ज्याच्या खिशात पैसे त्याचा

एडिसन, न्यू जर्सी :

शनिवारी सकाळी इथल्या कुठल्याही सार्वजनिक मैदानावर जा, हिरवळीवर पांढऱ्या रेषा आखलेल्या, जाळ्या लावलेल्या आणि कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले आईबाप दिसतील. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेहून आलेल्याला वाटेल, या देशात फुटबॉल सगळ्यांना मोकळा आहे. लहान पोरांपुरतं ते बरंचसं खरं आहे. गावच्या क्रीडा विभागाच्या लीगला थोडकी फी असते आणि कुणाचा तरी बापच प्रशिक्षक म्हणून शिटी घेऊन उभा राहतो. १९६४ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशनचं तर तत्त्वच आहे की प्रत्येक मूल खेळलं पाहिजे.

पोरगं नऊ-दहा वर्षांचं झालं आणि त्याचा खेळ चमकू लागला की हिशेब बदलतो. आता निवड चाचणी, क्लब, 'ट्रॅव्हल टीम' म्हणजे बाहेरगावी जाऊन खेळणारा संघ. वर्षाची फी दोन-तीन हजार डॉलर सहज, म्हणजे आपले दीड-दोन लाखांच्या पुढेच. गणवेश वेगळा, स्पर्धेची प्रवेश फी वेगळी. बाहेरगावच्या काही स्पर्धांचा तर नियमच असतो की आयोजकांनी ठरवून दिलेल्या हॉटेलातच उतरायचं. मला सर्वांत जास्त खटकला तो हा नियम. दहा वर्षांच्या मुलाला चेंडू खेळायचा म्हणून आख्ख्या कुटुंबाने हॉटेलचं बिल भरायचं!

हे असं का, तर शिकवण्याचा खर्च कोणी करायचा हे इथे आईबापांवर सोडलं आहे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे विकला गेला की त्या रकमेतले पाच टक्के, १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना वाटायचे, असा फिफाचा नियम आहे. त्यामुळे ब्राझील किंवा फ्रान्समधल्या छोट्या क्लबलाही गरीब घरच्या गुणी मुलावर खर्च करणं परवडतं. अमेरिकेत कायदेशीर अडचणी पुढे करून ही पद्धत वर्षानुवर्षे लागू झाली नाही. इथल्या मेजर लीग सॉकर या व्यावसायिक लीगने आपल्या क्लबांसाठी अशी भरपाई मागायला सुरुवात केली तीच मुळी २०१९ मध्ये. त्या लीगमधल्या क्लबांच्या स्वतःच्या बहुतेक अकादम्या आता फी घेत नाहीत. पण तिथे जागा मोजक्या, आणि तिथवर पोहोचलेली मुलं बहुधा आधीची काही वर्षं फीवाल्या क्लबातच खेळलेली असतात.

आमच्या भागात ग्वाटेमालाहून आलेलं एक कुटुंब राहतं. त्यांच्या पोराला क्लबने फी माफ केली. पण सराव संध्याकाळी सहाला, पंधरा मैलांवर, आणि तिकडे बस जात नाही. आई त्या वेळी कार्यालयांच्या साफसफाईच्या पाळीवर असते, बाप हॉटेलच्या स्वयंपाकघरात. महिनाभरात पोराचं नाव यादीतून गेलं. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या माणसांची वस्ती ही, आणि त्यांचंच पोरगं बाहेर. २०२६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ठेवला तोही याच राज्यात.

अशा वेळी नागपूरच्या विजय बारसे सरांची आठवण होते. २००१ साली झोपडपट्टीतले पोट्टे पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसले, आणि या क्रीडाशिक्षकाने त्यांच्यासाठी स्पर्धा भरवली. त्यातूनच 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली, पुढे त्यावर नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट आला. सर मुलांकडे गेले, हे मला त्यातलं सर्वांत मोठं वाटतं. अमेरिकेतला पैसेवाला क्लब मुलाला आपल्याकडे बोलावतो आणि कोण पोहोचतो ते बघतो.

आपल्याकडेही शहरांत फीच्या अकादम्या निघू लागल्या आहेत. कुणी 'गरीब मुलांना फी माफ' असं सांगत वर्ध्यात आलं तर त्यांना आधी विचारा : सराव कुठे, किती वाजता, आणि बोरगावच्या पोराने तिथे यायचं-जायचं कसं?