अंगमेहनत आणि हृदयाचे आरोग्य

‘दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाला हृदयविकार कसा होईल?’ असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक आम्हांस नेहमी विचारतात. रत्नागिरी व परिसरातील मासळी-प्रक्रियेच्या आणि आंबा-कॅनिंगच्या कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबांसाठी याचे उत्तर महत्त्वाचे आहे.

या समजुतीला आधार नाही असे नव्हे. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बस-कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले.

परंतु सर्वच श्रम सारखे नसतात. कोपनहेगन येथील सुमारे १ लाख ४ हजार व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. फावल्या वेळच्या व्यायामाने हृदयाचा धोका घटला. कामावरील अतिश्रमाने मात्र तो वाढला. याची कारणमीमांसा अशी केली जाते : फिरायला जाणाऱ्याचे हृदय काही वेळ जोमाने चालते व नंतर विसावते. ओझी उचलणाऱ्या किंवा तासन् तास एका जागी उभे राहणाऱ्या कामगाराचा रक्तदाब दीर्घकाळ चढा राहतो आणि विश्रांती अपुरी पडते. त्यात रात्रपाळीमुळे झोप बिघडते. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृद्रोगाने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो.

आपल्या देशातही नागपूरसह १० ठिकाणच्या औद्योगिक कर्मचाऱ्यांची व त्यांच्या कुटुंबीयांची पाहणी झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, अल्पशिक्षित गटात तंबाखूसेवन व उच्च रक्तदाब यांचे प्रमाण अधिक होते. अंगमेहनतीची कामे बहुधा याच वर्गाच्या वाट्याला येतात.

तेव्हा कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, कष्टकरी माणसाचा रक्तदाब व रक्तातील साखर वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावी. तंबाखू व मिश्री सोडण्यास त्याला साहाय्य करावे. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसताच ‘पित्त झाले असेल’ म्हणून घरी थांबू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

रोजंदारीवरील कामगाराला तपासणीसाठी रजा घेणे म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे होय. म्हणूनच तो रुग्णालयात येतो तो बहुधा झटका आल्यावरच. पाळी बदलताना कारखान्याच्या दारातच त्याची तपासणी झाली, तर त्याची मजुरीही बुडणार नाही आणि विकारही वेळीच ध्यानात येईल. विश्वस्त व देणगीदार यांनी या कार्यास अग्रक्रम द्यावा, असे आम्हांस मनापासून वाटते.